सगळा लॉट रिजेक्ट

आमच्या रामटेके काकांनी आजवर एकही बिस्कीट मोजल्याशिवाय खाल्लेलं नाही. मोजून म्हणजे दोन की तीन, असं नव्हे. शर्टाच्या खिशातून आधी चामड्याचं कव्हर काढायचं. त्यातून व्हर्नियर काढायचा. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात पुर्ज्याची जाडी अगदी बारीक मोजतात ना, ते स्टीलचं उपकरण. बशीतलं बिस्कीट त्याच्या जबड्यात धरायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, आकडा वाचायचा आणि मग तोंड उघडायचं. तेही खायला नाही, निकाल द्यायला. "पास." किंवा बहुतेक वेळा, "रिजेक्ट."

रिजेक्ट झालेलं बिस्कीटही ते खातात, हे सांगितलं पाहिजे. फक्त नाराजीनं खातात.

मी लग्न होऊन अकोल्याहून जबलपूरला, विजय नगरच्या या घरात आले, त्याला आता चोवीस वर्षं झाली. आमच्या आणि काकांच्या घराची भिंत एक. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला चहा-बिस्किटं घेऊन बाहेर पाठवलं. काकांनी माझ्यासमोर व्हर्नियर काढला. मला वाटलं, वेडा माणूस आहे, आता टोचतो की काय.

"सूनबाई, हे एका बाजूनं जाड आहे."

"दुकानातलं आहे काका, मी नाही बनवलं."

"मग घेताना पाहिलं नाही काहून?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "रडू नको वंदना. माझी पुरणपोळी त्यांनी तीन वेळा रिजेक्ट केली आहे, मी अजून जिवंत आहे."

काका एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मापायच्या आणि शिक्का मारायचा. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी सगळी कॉलनी तपासायला घेतली. आमच्या गल्लीतल्या मिश्राजींच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी बालूशाही मोजली. हलवाई कावला. "दादा, ये मिठाई है, नट-बोल्ट नहीं." काका शांतपणे म्हणाले, "नट-बोल्ट होता तो मैं वापस भेज देता. मिठाई है, इसलिए खा रहा हूँ."

त्यांचा एक नियम मात्र पक्का. रिजेक्ट करायचं तर कारण द्यायचं. "बिनाकारण रिजेक्ट म्हणजे बेईमानी झाली ना. कारीगराला समजलं पाहिजे, त्याचं चुकलं काय." पोळी रिजेक्ट, कारण कडा जाड. माझ्या मुलाचं अक्षर रिजेक्ट, कारण ओळ चढते. माझ्या नवऱ्याचं स्कूटर लावणं रिजेक्ट, कारण सांगायची गरज नाही, भिंतीवर ओरखडे दिसून राहिले.

तर अशा या माणसाचा एक स्टीलचा डबा दर डिसेंबरात भरून पुण्याला जातो, लेकीकडे. आणि जानेवारीत रिकामा परत येतो. गेली पाच वर्षं. आपल्याकडे रिकामा डबा कोणी परत करतं का? काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतो आपण. हा स्वच्छ घासून, पुसून, कोरडा ठण्ण येतो. काका झाकण उघडतात, आत पाहतात, बंद करतात आणि कपाटावर ठेवून देतात. त्या वेळी ते काहीच म्हणत नाहीत, पासही नाही आणि रिजेक्टही नाही.

डब्यात जातात बड्या दिनाची बिस्किटं. जबलपुरात नाताळला बडा दिनच म्हणतात, आणि त्या आठवड्यात बेकऱ्यांसमोर सगळ्या जातीधर्माच्या बायकांची रांग लागते. मैदा, तूप, साखर, मेवा आपला न्यायचा, कारीगर मळून भट्टीत भाजून देतात, आणि आपण तिथंच बसून पहारा करायचा. पहारा अशासाठी की आपलं तूप दुसऱ्याच्या मैद्यात जाऊ नये. काका यायला लागल्यापासून रिछाईच्या रस्त्यावरच्या त्या बेकरीत कोणाचं थेंबभर तूप इकडचं तिकडं झालेलं नाही. बेकरीवाले हनीफ चाचा त्यांना पाहिलं की कारीगरांना ओरडून सांगायचे, "सीधे खड़े हो जाओ, साहब आ गए."

पण बिस्किटं खरी काकांच्या बायकोची, शांताकाकूंची. काका फक्त मोजायचे. काकू घरून दोन पुड्या बांधून आणायच्या. एका पुडीत दळलेली साखर, लाल-हिरवी टुटीफ्रुटी, काजू आणि जवळच्या कुंडम गावाहून कोणी ओळखीचं आणून द्यायचं ती चारोळी. ही गोड बिस्किटं लेकीची, सुजाताची. दुसऱ्या पुडीत मीठ, ओवा आणि जाडसर कुटलेले मिरे. ही खारी काकांची, चहासोबत. दोन पुड्या, दोन घमेली, दोन ट्रे. सुजाता पुण्याला नोकरीला लागली तरी बड्या दिनाला यायची आणि जाताना गोडाचा डबा गाडीत मांडीवर घेऊन जायची.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात मीही रांगेत होते. माझा नंबर त्यांच्यामागे. काकूंनी पुड्या सोडल्या आणि दोन्ही एकाच घमेल्यात ओतल्या. साखर, टुटीफ्रुटी, मीठ, ओवा, मिरे, सगळं एकत्र. कारीगराला वाटलं, नवीन काही असेल. मळलं, थापलं, भाजलं. ट्रे बाहेर आला, काकांनी एक उचललं, मोजलं, तोंडात टाकलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले. "सगळा लॉट रिजेक्ट. कारण, कारीगराचं ध्यान नाही."

रांग हसली. खरं सांगते, मीही हसले. त्या दिवसांत काकूंचं असं काही ना काही चालूच होतं. एकदा मला चटणी म्हणून वाटीत चहापत्ती दिली होती त्यांनी. मी तो किस्सा मी शिकवते त्या शाळेतल्या सगळ्या बायांना रंगवून सांगितला होता. रांगेत बाजूला सुजाता उभी होती, फक्त ती हसली नाही.

काकू ट्रेकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, डबा तरी भरा. पोरीला गाडीत लागेल."

"असा माल घराबाहेर जाणार नाही," काका म्हणाले, आणि सगळी बिस्किटं तिथंच सोडून निघाले. सुजाता त्या वर्षी डब्याशिवाय गेली.

पुढच्या महिन्यात काकू गॅसवर रिकामी कढई ठेवून बाजारात निघून गेल्या, तेव्हा दवाखान्यात नेलं. डोक्यात गाठ होती, बऱ्याच दिवसांची. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या काही महिन्यांत वस्तूंची सरमिसळ व्हायची का? तुम्हाला जाणवलं नाही?" काका खुर्चीवर बसून होते. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते आम्हाला कोणाला कळलं नाही. होळीच्या आधी काकू गेल्या.

काकूंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मी भांडी आवरत होते. सुजाता बॅग भरता भरता बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंदगीभर हजारो पुर्जे तपासले. घरातल्या माणसाकडं एकदा नीट पाहिलं नाही." आवाज चढवला नाही तिनं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गेली ती पुन्हा जबलपूरला आली नाही. रविवारी फोन येतो. गोळ्या घेता का, थंडी किती आहे, ठेवते. एवढंच.

त्या वर्षीपासून काका स्वतः दोन पुड्या बांधतात आणि स्वतःच्या हातानं एकाच घमेल्यात ओततात. कॉलनीत म्हणतात, म्हातारा सटकला, टुटीफ्रुटीत मीठ घालतो. काका कोणाला काही सांगत नाहीत. डबा भरतात, पुण्याला पाठवतात आणि निकालाची वाट पाहतात. रोज दुपारी एकदा मला विचारतात, "कुरिअरवाला येऊन गेला का ग?"

या डिसेंबरात त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, हात कापायला लागलेला. म्हणून मला म्हणाले, "वंदना, चलते का? मापायला कोणी पाहिजे." मी गेले. काकांनी पुड्या सोडल्या. एक नवा कारीगर ओरडला, "बाबूजी, मीठे में नमक गिर गया."

"गिरा नहीं," काका म्हणाले, "डाला है."

हनीफ चाचांना सगळं माहीत होतं. ते उगाच भट्टीकडे तोंड करून लाकडं सारखी करत बसले.

ट्रे आला. मी व्हर्नियर धरला, आकडे वाचत गेले. काका प्रत्येकाला म्हणत होते, पास. एक पार वाकडं झालेलं, एका बाजूला करपलेलं. मी म्हटलं, "काका, हे तर तुमच्या हिशोबानं रिजेक्टच आहे."

"पास," काका म्हणाले. "या लॉटमध्ये रिजेक्ट काही निघत नाही."

परत येताना ई-रिक्षात डबा त्यांच्या मांडीवर होता. गरम होता, म्हणून खाली मफलर घेतलेला. माझ्या तोंडाला तसाही लगाम नाही. मी विचारलंच, "काका, तुम्ही अशी बिस्किटं काहून बनवता, हे सुजाताला कधी सांगितलं का?"

"खाल्लं की समजते ना."

"आणि ती खातच नसेल तर? तिला वाटत असेल, बाबा अजून आईची चूकच दाखवून राहिले."

आमची गल्ली आली, मी उतरून हात दिला, तरी ते बसूनच. रिक्षावाला म्हणाला, "अंकलजी, आ गया." तेव्हा काका म्हणाले, "कारण चुकीचं दिलं मी. कारीगराचं ध्यान नाही म्हटलं. ध्यान तर तपासणाऱ्याचं नव्हतं."

घरात गेल्यावर त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. नाही म्हणाले. कागदाला नाक टेकवून, मोठी मोठी अक्षरं काढून लिहिलं. ओळ चढत होती. मला वाचायला दिलं, काना-मात्रा पाहायला.

"शांताच्या हातचा शेवटचा लॉट. आधीचा निकाल रद्द. पास. चूक तपासणाऱ्याची." खाली पूर्ण नाव आणि सही.

काना-मात्रेची एक चूक होती. मी गणिताची का असेना, पण मास्तरीण आहे, हात शिवशिवला. तरी म्हटलं, बरोबर आहे काका. कागदाची घडी बिस्किटांवर ठेवली आणि झाकण लावलं.

यंदा कुरिअरवाला संक्रांतीनंतर आला. काकांनी भिंतीवर टकटक केलं. मी गेले तर ते पलंगावर बसलेले, डबा समोर, वरचा कुरिअरचा कागद फाडलेला, झाकण मात्र लागलेलं.

"वजन वाटते ग," ते म्हणाले. "तू उघड."

"तुम्ही उघडा ना."

"नाही. तू उघड."

मी झाकण काढलं. आत बिस्किटं होती, निम्म्याच्या वर डबा. घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये केलेली दिसत होती. कोणतं जाड, कोणतं पातळ, खालून काळी पडलेली. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. लाल-हिरवी टुटीफ्रुटी होती आणि ओव्याचा वास येत होता. चिठ्ठी काही नव्हती. मी खाली-वर करून पाहिली, नव्हतीच.

काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. कव्हरवर ठेवला आणि तिथंच राहिला.

"मोजून देऊ का?" मी विचारलं.

"नको."

त्यांनी चाचपडत एक बिस्कीट उचललं आणि तसंच तोंडात टाकलं. दात कमी, बिस्कीट कडक. किती तरी वेळ चावत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

"मीठ बरोबर पडलं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "शांतानं एकच गोष्ट मागितली होती वंदना. डबा तरी भरा म्हणाली होती. भरला असता तर काय बिघडत होतं माझं?"

त्या रांगेत हसणाऱ्यांत मी होते, आणि ते काकूंना सांगायचं माझंही राहून गेलं.

काका उठले. डबा दोन्ही हातांनी धरून भिंतीपाशी गेले, काकूंच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. झाकण लावलं नाही.

"शांता," ते म्हणाले, "डबा भरून आला."

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि गॅस न पेटवता तिथंच उभी राहिले.