डावा सहा, उजवा सात

दुकान या संस्थेतला मूळ दोष म्हणजे दुकानदार. माल बिचारा गप्प बसतो, दुकानदार मात्र बोलतो, विचारतो, लक्षात ठेवतो आणि वर "मागच्या वेळचे कसे निघाले?" अशी चौकशीही करतो. माणसाने हा जाच पिढ्यानपिढ्या मुकाट सोसला. अखेर महादुकान आलं, दुकानातून दुकानदार वजा झाला आणि खाली शुद्ध खरेदी उरली. (महादुकान हे त्या कंपनीचं खरं नाव नव्हे. खरं नाव उच्चारलं की माझ्या फोनला ऐकू जातं आणि तो मला कढया दाखवू लागतो.)

मी आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा चिटणीस असल्यामुळे या क्रांतीची अधिकृत नोंद माझ्याकडे आहे. नमुन्यादाखल घेतलेल्या एका आठवड्यात इमारतीत एकसष्ट खोकी आली. पैकी सतरा गरज म्हणून मागवली होती, नऊ बोट चुकून लागल्यामुळे, बावीस "आणखी एक वस्तू घेतल्यास घरपोच फुकट" म्हणून. उरलेल्या तेरांबद्दल घरातल्या कोणालाच काही सांगता आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे एक शिडी आली आहे. ती कशासाठी मागवली हे त्यांना आठवत नाही. माळ्यावर टाकायची तर वर चढायला शिडी हवी आणि शिडी तर वर टाकायची आहे, म्हणून गेले चार महिने ती दारातच उभी आहे.

एवढ्या सोयीत एकच खोट होती, ती म्हणजे पाऊल. सदरा थोडा सैल असला तरी माणूस निभावून नेतो, पण बूट चावला की चावला. यावर आमच्या इमारतीने जो तोडगा काढला, तो इतर इमारतींनीही अभ्यासावा असा आहे.

कोपऱ्यावर मापकाकांचं चपलाबुटांचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? काका गिऱ्हाइकाला आधी बसवत, जुना जोड उलटा करून तळवा कुठे झिजलाय ते बघत, मग कागदावर पाऊल ठेवायला सांगून भोवती पेन्सिल फिरवत. हे सारं फुकट. म्हणून सर्वसाधारण सभेत पुढील कार्यपद्धती एकमताने मंजूर झाली:

(१) मापकाकांकडे जाऊन दोन्ही पावलांचं माप घ्यावं.
(२) किमान तीन जोड घालून दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघावं.
(३) काका चौथा जोड काढायला स्टुलावर चढले की तिसऱ्याच्या खोक्यावरचा मजकूर फोनमध्ये टिपून घ्यावा.
(४) "घरी विचारून येतो" असं म्हणून सभ्यपणे बाहेर पडावं आणि दोन बोटांत जोड मागवावा.

अकरा महिन्यांत आमच्या इमारतीतली एकशे त्रेचाळीस माणसं घरी विचारायला गेली. (एकूण रहिवासी अठ्ठ्याऐंशी. काही जण दोनदा गेले.) घरच्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. काका मात्र प्रत्येकाला म्हणत, "सावकाश विचारा, घाई नाही." शिवाय दुपारी घराला कुलूप असलं की महादुकानची खोकी काकांच्याच दुकानात ठेवली जात आणि पावतीवर सहीही तेच करत. इतकी चांगली व्यवस्था कुठे बिघडावी, तर माझ्या आईपाशी.

आईचं डावं पाऊल सहा नंबरचं आहे आणि उजवं सात. घोट्याच्या ऑपरेशननंतर उजवं जे सुजलं, ते कायमचं. ती रोज सकाळी तीन गल्ल्या ओलांडून मावशीकडे जाते. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेली आहे आणि डोळ्यांनी अधू. आई तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. दोघींच्या आयुष्यात दिवसाकाठी हीच काय ती घडामोड. डॉक्टरांनी आईला बजावून ठेवलंय की पायात नीट बसणारा, नाडीचा, बंद बूट असेल तरच बाहेर पडायचं, नाहीतर घरात बसायचं.

असा जोड कुठला कारखाना काढतो? पण मापकाका सहाच्या जोडातला डावा आणि सातच्या जोडातला उजवा असे काढून आईला देत. उरलेला डावा सात आणि उजवा सहा ते वरच्या फळीवर ठेवून देत. कारण गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शिलाईवाल्या बाई होत्या आणि त्यांची पावलं नेमकी उलटी होती. त्या वर्षातून एकदा येत आणि तो जोड घेऊन जात. आईची आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती, पण अकरा वर्षं त्या दोघी मिळून दोन जोड वापरत होत्या. धंद्याची ही रीत किती मागासलेली होती हे सांगायला नको. एक खोकं वर्षभर फळीवर पडून राहायचं, तेही एका बाईच्या भरवशावर!

गेल्या वर्षी आईचे बूट झिजले. "काकांकडे जाऊन येऊ," ती म्हणाली. मी चिटणीस. मंजूर कार्यपद्धती मीच मोडली तर लोक काय म्हणतील? मी काकांकडून आईचं माप ताजं करून घेतलं, घरी विचारायला आलो आणि महादुकानातून सहाचा जोड मागवला. उजवा चढेना. परत करायला गेलो तर कारणांची यादी समोर आली: लहान झाला, मोठा झाला, मन बदललं. एक लहान झाला आणि एक बरोबर बसला, असा पर्याय नव्हता. मदतकक्षाला लिहिलं, तेव्हा क्षणात उत्तर आलं, "आपल्या पायामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मी 'मन बदललं' वर बोट ठेवलं. पायापेक्षा मन बदलणं सोपं.

मग मला एक कल्पना सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. सहाचा एक आणि सातचा एक असे दोन जोड मागवले, आईसाठी हवे ते दोन बूट काढून घेतले आणि उरलेले दोन सातच्या खोक्यात घालून परत पाठवले. एक डावा, एक उजवा, रंग तोच, वजन जवळपास तेवढंच. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचा संदेश आला. काकांना जे जमायला अकरा वर्षं आणि एक फळी लागली, ते मी एका आठवड्यात, घरातून न हलता केलं.

आईने बूट घातले, दोन पावलं टाकली आणि विचारलं, "उरलेला जोड कुठाय?"

"परत पाठवला."

"कुणाला?"

"कंपनीला."

"कंपनीला पाय असतात होय रे?" ती म्हणाली. "काका तो बाईंसाठी ठेवायचे. तू कुणासाठी पाठवलास?"

म्हाताऱ्या माणसांना घाऊक व्यवहार समजत नाही. मी विषय बदलला.

दोन महिन्यांनी मापकाकांनी दुकान बंद केलं. इमारतीतर्फे आम्ही त्यांचा छोटेखानी सत्कार केला, तीन भाषणं झाली, "अशी माणसं आता होणे नाही" हे वाक्य तिन्ही भाषणांत आलं. काकांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. (महादुकानातून. चाळीस टक्के सवलत होती.) काकांचे डोळे भरून आले, तसे माझेही आले. आता फुकट माप कोण घेणार, ही चिंता काही थोडीथोडकी नव्हती.

पण महादुकान कोणाला वाऱ्यावर सोडत नाही. काकांना महादुकानच्याच गोदामात, परत आलेल्या मालाच्या विभागात नोकरी मिळाली. काम सोपं होतं. पट्ट्यावरून खोकं येतं, ते उघडायचं, बुटांना डाव्याउजव्यासह चाळीस सेकंदांत बघायचं आणि हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. हिरवं म्हणजे माल पुन्हा विक्रीला. लाल म्हणजे गिऱ्हाइकाने लबाडी केली, त्याचं खातं कायमचं बंद. आयुष्यभर ज्यांनी पावलं बघितली, त्यांना आता पावलांशिवाय नुसते बूट बघायचे होते. मी म्हटलं, चला, काकांचा त्रास निम्मा झाला.

काही महिन्यांनी काका जिन्यात भेटले. हातात कागदाची गुंडाळी होती. आईच्या पावलांची जुनी चित्रं, अकरा वर्षांची. घर आवरताना सापडली म्हणून द्यायला आले होते.

"काय काका, कामावर नाही गेलात?"

"काढलं मला," ते म्हणाले.

"का?"

"खोकं अडवून ठेवलं म्हणून." मग ते थोडे हसले. "अरे, रुजू झालो त्याच आठवड्यात मागे साचलेल्या ढिगातून एक खोकं आलं. उघडलं, तर डावा सात, उजवा सहा. म्हटलं, हे तर आपल्याच घरचं गिऱ्हाईक."

मी जिन्यात वरखाली बघून घेतलं. "मग लाल दाबायचं ना, काका. नियम आहे तो."

"लाल दाबलं असतं तर तुझं खातं बंद झालं असतं. माझं दुकान आधीच बंद. मग आईंना पुढचा जोड कुठून मिळाला असता?"

म्हणून त्यांनी हिरवं दाबलं. पण खोकं पट्ट्यावर पुढे सोडवेना, म्हणून रॅकच्या मागे सरकवून ठेवलं. स्वतःच्या पैशाने ते विकत घ्यायचं आणि शिलाईवाल्या बाईंना द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तसा अर्जही दिला. परत आलेला माल कामगाराने घेण्यासाठी महादुकानात अर्ज आहे, अर्जाला क्रमांक आहे, आणि उत्तर पंधरा दिवसांत येतं. यंत्राने खोकं नवव्या दिवशी शोधलं. वस्तूने एका जागी नऊ दिवस थांबणं हा तिथे गुन्हा समजला जातो. दहाव्या दिवशी काकांच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं गेलं, आणि पंधराव्या दिवशी अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. कारभार किती चोख आहे बघा, कामावरून काढलेल्या माणसालाही उत्तर वेळेत येतं.

मला फार वाईट वाटलं, हे मी इथे स्पष्ट नोंदवतो. त्या रात्री महादुकानच्या तक्रार विभागात ते लिहायलाही बसलो होतो. पण तिथे कारणांची यादी होती, आणि त्यात 'मला लाज वाटते' असं काही सापडलं नाही. जवळात जवळचं 'उत्पादन अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं' होतं. मी तेच निवडलं. दहा टक्के सवलतीचं कुपन आलं.

ते कुपन वापरायची वेळ लगेचच आली, कारण आईच्या डाव्या बुटाचा तळवा आठ महिन्यांत सुटला. मी पुन्हा दोन जोड मागवले, पुन्हा तीच युक्ती केली. पण काकांच्या जागी आता कॅमेरा आहे. त्याला कोणाची आई माहीत नाही. त्याने लाल दाबलं आणि माझं खातं बंद झालं. आलेले दोन बूट आईने घातले, पण या वेळी महादुकानने कारखाना बदलला होता, आणि सातचा उजवा टाचेत निसटत होता. चौथ्या दिवशी ती पायऱ्यांवर पडली. फार लागलं नाही. डॉक्टरांनी मात्र बाहेर जाणं बंद केलं.

आता आई मावशीला फोनवरून वर्तमानपत्र वाचून दाखवते. मावशीला मध्येच झोप लागते. पूर्वी समोर बसलेल्या आईला ते दिसायचं आणि ती पान मिटून गप्प बसायची. आता तिला कळत नाही, ती शेवटच्या पानापर्यंत वाचत राहते. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो. शिलाईवाल्या बाई काय घालतात, याची नोंद माझ्याकडे नाही.

राहता राहिलं ते खोकं. त्याची चौकशी मी चिटणीस या नात्याने केली. माल वाया जाऊ देणं महादुकानच्या तत्त्वात बसत नाही. ते पुन्हा चिकटपट्टी लावून 'एकदाच उघडलेला, नव्यासारखा' या सदरात तीस टक्के सवलतीने विक्रीला गेलं, आणि काही मिनिटांत विकलंही गेलं. काळे, नाडीचे, बंद बूट. खोक्यावर सात, डावा सात, उजवा सहा. घेणाऱ्याने पाच तारे दिले आहेत आणि खाली लिहिलंय, "एक दिवस आधीच मिळाले. उजवा किंचित चावतो, पण दोष माझ्याच पायाचा असावा."

तुमच्या उजव्या टाचेवरची पट्टी कधीपासून आहे?