वॉटर पंप आणि इंजिनाची संमती

ज्या कुणी जुन्या इंजिनांना नवा वॉटर पंप नाकारायचा हक्क दिला, त्याला आयुष्यात कधी घाईनं कुठं जावं लागलं नसणार. हक्काबद्दल वैजयंतीची तक्रार नव्हती. पण आत्याचं लायसन्स शनिवारी संपत होतं, डोळ्यांमुळं ते पुन्हा मिळणार नव्हतं, आणि ज्या गाडीवर ती शिकली ती गाडी एकदा रंकाळ्यापर्यंत स्वतः चालवत न्यायची, एवढीच तिची इच्छा होती. गाडी मात्र उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये बॉनेट उघडं टाकून उभी होती.

पहिला पंप कोइंबतूरहून आला. अॅल्युमिनियमचा, चकचकीत. नियमाप्रमाणे मिस्त्रींनी तो इंजिनासमोर स्टुलावर ठेवला.

"याचं बेअरिंग सीलबंद आहे," मिस्त्री म्हणाले. "ग्रीससुद्धा मागत नाही."

"जो काहीच मागत नाही, त्याच्याशी बोलायचं काय?" इंजिन म्हणालं. "नको."

दुसरा सांगलीच्या एका दुकानात, खोक्यातून कधी बाहेरच न निघालेला सापडला. जुन्याच कंपनीचा, ओतीव लोखंडाचा. इंजिनानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"अगदी त्याच्यासारखा दिसतो."

"मग बसवायचा?" वैजयंतीनं विचारलं.

"म्हणूनच नको."

वैजयंतीचा पारा चढला. "अहो, पंप आहे तो! पाणी फिरवायचं, संपलं. तुमच्या आवडीनिवडीपायी एका म्हाताऱ्या बाईची..."

"जुना कुठाय?"

जुना पंप काढला त्याच दुपारी वैजयंतीनं भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

"गळत होता तो," ती म्हणाली.

"म्हातारपणी गळतातच," इंजिन म्हणालं.

शुक्रवारी आत्याच रिक्षा करून शेडवर आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "याला भेटायला कोण आलं होतं गं?"

"आम्ही रोजच येतोय की, आत्या."

"तुम्ही नवा पंप घेऊन येताय. गेलेल्यासाठी कोण आलं?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"अगं, अजून दुखवटा निघाला नाही आणि तुम्ही स्थळं दाखवताय व्हय! मिस्त्री, बाईमाणूस असतं तर दुखवट्याची साडी आणली असती, याला कोपऱ्यावरनं एक टॉवेल नि टोपी मागवा. पांढरी."

टॉवेल-टोपी आली. आत्यानं स्टुलावरचे पंप बाजूला सरकवले आणि इंजिनाजवळ बसली. टॉवेल त्याच्यावर पांघरला, टोपी रेडिएटरच्या झाकणावर नीट बसवली.

"चांगला होता हो," ती म्हणाली. "घाटात कधी तापू दिलं नाही."

"पन्हाळ्याचा चढ तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढवायचात," इंजिन म्हणालं. "लई नावं ठेवायचा तो तुम्हाला."

"ठेवू दे. बरोबरच होतं त्याचं."

दोघं हसली. वैजयंतीला घड्याळ बघायची सवय होती. आज तिनं बघितलं नाही.

"भंगारात द्यायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"होय," इंजिन म्हणालं. थोड्या वेळानं ते कोइंबतूरच्या पंपाकडं वळून म्हणालं, "काय रे, जेवलास काय?"

पंपाला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. मिस्त्रींनी पाना उचलला.

शनिवारी आत्यानं गाडी रंकाळ्यावर आणली. शेजारी वैजयंती होती. गाडी तापली नाही. टॉवेल-टोपी घडी करून डॅशबोर्डवर ठेवली होती. चौपाटीजवळ ट्रॅफिक हवालदारानं हात केला, लायसन्स मागून घेतलं, तारीख वाचली. मग डॅशबोर्डकडं बघून त्यानं आपली टोपी काढून काखेत धरली आणि लायसन्स दोन्ही हातांनी परत दिलं.

"आजी, हे लायसन्स आज जाणार," तो म्हणाला. "उद्या घरी असाल न्हवं? दुखवटा घेऊन येतो. साडी कुठल्या रंगाची आणू?"