हवेची नळी

बसप्पा मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात चप्पल काढायचे, उजवी टाच तीनदा जमिनीवर आपटायचे, मान वाकडी करून आवाज ऐकायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. नवीन माणसाला वाटायचं, पायाला मुंग्या आल्यात. आम्हाला सवय झाली होती. तपासणी संपेपर्यंत आम्ही चहाचा कप हातात धरून उभे राहायचो.

एकदा ते पुतण्यासाठी मुलगी बघायला उदगीरजवळच्या एका गावी गेले. मुलगी आली, नाव सांगितलं, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मग, पसंत हाय का?" मिस्त्री म्हणाले, "पोरगी लई ब्येस हाय. पण तुमचं घर पोकळ हाय." मुलीकडचे ताडकन उठले. नंतर चार माणसांनी समजूत घातली आणि मिस्त्रींनी दाखवलेल्या जागी पहारीने उकरलं. खाली जुनं पेव निघालं. आजोबांच्या काळात ज्वारी भरून ठेवायचा तो खड्डा घरातले सगळे विसरून गेले होते, आणि त्याच्यावरच घरातल्या बाळाचा पाळणा टांगलेला होता. लग्न झालं. मिस्त्रींना मानाचा फेटा मिळाला.

त्यांचा धंदा आड बुजवण्याचा. दुष्काळात आड आटायचे, लोक त्यात कचरा टाकायचे, मग एखादी शेळी पडायची आणि मग मिस्त्रींना बोलावणं जायचं. आमच्या बांधकाम खात्यात ते वीस वर्षं रोजंदारीवर होते. त्यांची पद्धत ठरलेली. आधी गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी कुणीही उतरायचं नाही, मग वर जिल्हाधिकारी का उभे असेनात. "त्याला दम घेऊ द्या," म्हणायचे. कंदिलावर त्यांचा इतका भरवसा, की माझ्या घरमालकाने पाण्याचा कोरडा पडलेला हौद धुवायला काढला तेव्हा मिस्त्रींनी त्यातही कंदील सोडला. हौद कमरेएवढा होता. घरमालकाची बायको आधीच आत उतरून झाडत होती. तिला त्यांनी बाहेर काढलं, कंदील पाच मिनिटं जळू दिला आणि "आता जावा बाई" म्हणून परवानगी दिली.

आड बुजवताना तळापासून वरपर्यंत एक लोखंडी नळी उभी करायची आणि भोवतीने थराथराने मुरूम टाकून धुम्मसाने ठोकून घ्यायचा. नळीचं तोंड उघड्यावर ठेवायचं. तिच्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही आड बुजवला नाही. मी पुस्तकं वाचून आलेला. विचारलं, "मिस्त्री, मातीने भरलेल्या आडाला हवा कशाला?"

"सायेब, त्यानं शंभर वर्सं लोकांला पानी पाजलं. आता आपून त्याच्या तोंडात माती घालायलाव. नाक तर मोकळं सोडा."

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी चोवीस वर्षांचा कनिष्ठ अभियंता होतो. खात्याला जागा हवी होती. एका अडत्याचं जुनं गोदाम मिळालं. दगडी भिंती चांगल्या होत्या. मिस्त्रींनी दारातच टाच आपटली आणि आत न येता म्हणाले, "हितं हाय."

फरशी उखडली. खाली आड होता. गोदामातली कुजकी सरकी आणि भिजलेलं धान्य त्यात वर्षानुवर्षं लोटलेलं. वासाने डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींनी कंदील सोडला. दोन पुरुष खोल गेला आणि विझला. दुसऱ्या दिवशी विझला. तिसऱ्या दिवशीही. शेवटी त्यांनी तळाची घाण काढायचा नाद सोडला, नळी उभी केली आणि वरूनच मुरूम भरायला घेतला. नळी मात्र नेहमीपेक्षा जाड वापरली.

अडचण अशी झाली, की त्या नळीचं तोंड आलं ते नेमकं आमच्या वरच्या साहेबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या मागे.

साहेब म्हणाले, "उद्घाटनाला मंत्री येणार. माझ्या पाठीमागं हे नळकांडं? मी काय बंबावर बसलोय?"

मी तोडगा काढला. नळी फरशीखालून वळवून भिंतीबाहेर न्यायची. मिस्त्री खूश झाले. पण एवढ्या जाड नळीचा बेंड, म्हणजे वळणाचा तुकडा, लातुरात मिळेना. "नांदेडला एक जण ठेवतोय. उद्या सांजेपर्यंत येतो. तवर हात लावू नका," असं सांगून ते एसटीने गेले.

उद्घाटन परवावर आलं होतं. फरशीवाला बसून होता. साहेब दर तासाला येऊन माझ्याकडे बघायचे. दुपारी ते म्हणाले, "काय ते बघून घ्या." एवढंच. कापा असं ते म्हणाले नाहीत. मी फरशीवाल्याला नळी चार बोटं खालून कापायला लावली, तोंडावर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि वरून शहाबादी बसवून घेतली.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. बेंड टॉवेलात गुंडाळून काखेत धरला होता. खोलीत रांगोळी काढणं चालू होतं. त्यांनी खुर्चीमागे जाऊन टाच आपटली आणि माझ्याकडे बघितलं.

"सायेब, नळी?"

"कार्यक्रम होऊ द्या. मग काढू."

"कवा?"

"लगेच."

कार्यक्रम झाला. मंत्र्यांनी दुष्काळावर भाषण केलं. त्यानंतर मिस्त्री दर सोमवारी मला विचारायचे, "सायेब, फरशी कवा उचलायची?" आणि मी दर सोमवारी वेगळं कारण सांगायचो. चार महिने गेले. त्याच सुमारास रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी निघाली. मिस्त्रींचं नाव तिसरं होतं. दोन फोटो हवे होते. ते कुणाचा तरी कोट घालून फोटो काढून आले. कोट खांद्यातून उतरत होता आणि फोटोत ते अगदी श्वास रोखून बसल्यासारखे दिसत होते. फोटो त्यांनी सगळ्या कार्यालयाला दाखवला. "पेन्शन बी हाय म्हनं," असं ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगायचे.

मग एका सकाळी युसूफ नावाच्या आमच्या शिपायाने साहेबांच्या खोलीच्या कोपऱ्यात चहासाठी स्टोव्ह पेटवला. फरशीच्या सांधीतून आडात कोंडलेल्या वायूचा निळा जाळ भप्पकन वर आला आणि तसाच विझला. युसूफचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. साहेब यायचे होते, म्हणून वाचले.

मिस्त्री तासाभरात पहार घेऊन आले. कुणाला न विचारता त्यांनी फरशी फोडली, पत्रा काढला, तो नांदेडचा बेंड बसवला आणि नळी भिंतीबाहेर काढली. चार महिने त्यांनी बेंड खाटेखाली ठेवला होता.

पंधरा दिवसांनी चौकशीला दोन अधिकारी आले. साहेबांनी सांगितलं, की बाहेरची नळी आगीनंतर बसवलेली आहे. ते खरंच होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, आधी नळी का ठेवली नव्हती? खोलीत साहेब, मी आणि मिस्त्री. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी तोंड उघडलं नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "ऱ्हायली सायेब. माझ्याकडनं ऱ्हायली."

माझं अक्षर चांगलं, म्हणून जबाब मलाच लिहायला सांगितला. मी लिहिला. मिस्त्री निजामाच्या शाळेत शिकलेले. त्यांनी खाली उर्दूत सही केली. वर काय लिहिलंय ते वाचून पाहिलं नाही. यादीतलं तिसरं नाव खोडलं गेलं आणि रोजंदारीही बंद झाली.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. साहेबही गेले. मी कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झालो, हारतुरे घेतले, प्रामाणिकपणावर भाषणं ऐकली. तो जबाब अजून कुठल्या तरी कपाटात असेल. त्यातली चूक बसप्पा मिस्त्रींच्या नावावर आहे आणि अक्षर माझं आहे. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: नळी होती. तळापासून वरपर्यंत होती. ती मी कापली.

आता एवढंच सांगायचं राहिलं.

चौकशीनंतर मिस्त्री आपल्या गावी, उदगीरला निघून जातील असं मला वाटलं होतं. ते गेले नाहीत. रोज सकाळी कार्यालयाबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागले. कारकून म्हणायचे, अर्ज घेऊन आला असेल. मला खात्री होती, की हा माणूस एक दिवस सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो. दहा-बारा दिवस असे काढले. शेवटी एके दिवशी ठरवलं, की काय व्हायचं ते होऊ दे, आणि मुद्दाम लवकर, पुढच्या बाजूने गेलो.

कार्यालय उघडलं नव्हतं. कोपऱ्यावर टँकर उभा होता आणि घागरींची झुंबड उडाली होती. त्यातून मिस्त्री खांद्यावर कावड घेऊन डुलत येत होते. मागे युसूफ, दोन्ही हातांना पट्ट्या, तोंडाने फक्त "चचा, हळू, चचा" करत. कार्यालयाचं पाणी भरणं हे युसूफचं काम.

"मिस्त्री, हे काय करायलाव?"

"पानी भरायलाव, दुसरं काय. यो बी रोजंदारीवरचाच हाय. माठ रिकामा दिसला की उद्या दुसरा मानूस घेतील. हात बरा होईस्तोर माझं हे काम."

"मग बाकावर कशाला बसता?"

"घरी जाऊन तरी काय करू? तिथं कोन हाय?" असं म्हणून ते हसले. "हितं मानसं तरी दिसत्यात."

युसूफ दार उघडायला पुढे गेला. मी म्हणालो, "मिस्त्री, मी सांगतो. आजच सांगतो, साहेब आले की. नळी मी कापली म्हणून."

मिस्त्रींनी कावड खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं, एखाद्या जुन्या आडात बघावं तसं.

"तुमची नोकरी गेली तर तुमाला दुसरं काय येतंय, सायेब?"

मी विचार केला. काही येत नव्हतं.

"मला आड बुजवता येतंय. दुस्काळ हाय, आड लई हाइत. हाव का न्हाई?" ते म्हणाले. "टँकर जाईल. ती घागर घ्या."

मी घागर घेतली. टँकरवरच्या बायका माझ्या पँटकडे बघून हसल्या. भरलेली घागर खांद्यावर घेऊन आलो तेव्हा अर्धं पाणी शर्टावर सांडलं होतं. तोवर साहेब आले होते. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते पेपर वाचत होते. मी दारासमोर थांबलो. त्यांनी मान वर केली, भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि घागर माठात ओतून बाहेर आलो.

मिस्त्री बाकावर बसले होते. त्यांनी थोडं सरकून मला जागा दिली.