जिन्याखालून सोनेरी संघाला पाठिंबा

शत्रूच्या घरी जाऊन मॅच बघायची, एवढंच मी त्या संध्याकाळी ठरवलं. शत्रू म्हणजे माझा मेहुणा आणि त्याचं घर म्हणजे आमच्याच डोक्यावरचा मजला. मधे फक्त एक जिना. पण तो मी असा एकेक पायरी मोजत चढत होतो, की मागून बायको म्हणाली, "फाशी जाताय का?"

"त्याहून वाईट," मी म्हणालो. "तुझ्या भावाच्या संघाला जिंकवायला चाललोय."

आता तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नसेल तर घाबरू नका. मलाही कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे जावयानं मला जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडून समजावलं होतं. त्यातली एक ताटली फुटली आणि शिकवणी संपली. (तशीही माझी कुठलीच शिकवणी फार टिकली नाही. शाळेतली मास्तरांच्या खुर्चीचे खिळे सैल केले म्हणून संपली.)

आमचा संघ हिरवा. त्याचं खरं नाव कोणी घेत नाही, सगळे त्यांना 'बेडकं' म्हणतात. मैदान खोलगट, त्यात कायम पाणी, आणि खेळून बाहेर आले की कुठलं पोर कुठल्या आईचं हे ओळखू येत नाही. या बेडकांचा गोलकीपर म्हणजे माझा जावई. संघ जितका भिकार तितका गोलकीपरला सराव जास्त, त्या हिशेबानं आमचा जावई जगातला सगळ्यात तयार गोलकीपर आहे.

मेहुण्याचा संघ सोनेरी. मोठं शहर, मोठं मैदान, कप ठेवायला कपाट पुरत नाही. मेहुण्यानं त्या शहरात कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण 'आम्ही जिंकलो' म्हणताना छाती अशी फुगवतो, जणू गोल यानंच मारला. आवाजामुळे सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणते. सोनेरीनं गोल केला की हा वर नाचायचा आणि खाली माझ्या डोक्यावर छताचा चुना पडायचा. आता सांगा, शांत माणसानं काय करायचं?

शांत माणसानं फ्यूज काढायचा.

आमच्या जिन्याखाली एक कोनाडा आहे. तिथे दोन मीटर, एक वरच्यांचं, एक आमचं. प्रत्येकाखाली चिनीमातीचा पांढरा फ्यूज. मी जन्मभर कुलपं दुरुस्त केली, मला हे काम म्हणजे नाकावरची माशी हाकलण्यासारखं. सोनेरीला पेनल्टी मिळाली की वरून भोंगा ओरडायचा, "पेनल्टी!" आणि मी खाली वरच्यांचा फ्यूज अलगद उपटायचो. मग वरून "अरे देवा, लाईट गेली!" असा टाहो. तो टाहो मी डोळे मिटून, मान डोलवत ऐकायचो. लोक गाणं ऐकतात, मी मेहुणा ऐकायचो. अशी किती वर्षं गेली कोण जाणे.

पण पेनल्टी बहुधा जातेच आत. त्यामुळे झालं असं, की भोंगा पुढे पुढे सांगत सुटला, "दाजी, काय योग आहे बघा! घरातली लाईट गेली की आमचा गोल हमखास होतो!" मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "देवाची लीला रे, बाळा."

तर असा माझा आनंदाचा संसार चालला असताना गेल्या मोसमात बेडकांवर खालच्या गटात ढकललं जायची पाळी आली. त्यांचा शेवटचा सामना त्या दुपारी बरोबरीत सुटला आणि आमचा जीव टांगणीला लागला. गोदीवाल्यांचा संघ आमच्या एक पायरी खाली होता. त्यांची मॅच संध्याकाळी, आणि ती होती सोनेरीशी. गोदीवाले हरले तर ते खालच्या गटात जाणार. जिंकले, नुसती बरोबरी जरी केली, तरी आम्ही जाणार.

आणि आम्ही गेलो की जावयाची नोकरी जाणार. दुसऱ्या एका क्लबनं त्याला आधीच विचारून ठेवलं होतं. तो क्लब इतका लांब, की जावयानं नकाशावर दाखवला तेव्हा माझा चष्मा तिथवर पोचला नाही. जावई गेला की मुलगी जाणार, आणि मुलगी गेली की नात.

नातीनं आदल्या दिवशी एक छोटी पत्र्याची पेटी माझ्यासमोर आणून ठेवली होती. "आजोबा, हिचं कुलूप लागत नाही. दुरुस्त करून द्या. आम्ही गेलो तर यात मी बाहुल्या नेणार."

मी पेटी उलटीसुलटी केली. काही नव्हतं, स्प्रिंगमध्ये कचरा अडकला होता. एक फुंकर मारली असती तर झालं असतं. मी म्हणालो, "अवघड केस आहे गं. वेळ लागेल."

असो. सांगायचं काय, तर त्या संध्याकाळी मी वर जाऊन भोंग्याच्या सोफ्यावर बसलो. मुलगी नातीला घेऊन आधीच आली होती. जावई मात्र मैदानावर इतर बेडकांसोबत निकालाची वाट बघत होता. बायको माझ्या मागून आली आणि दाराशी खुर्ची टाकून बसली.

भोंग्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या दाजी! आज वाट कशी चुकलात?"

"तुला भेटावंसं वाटलं रे."

"भेटावंसं वाटलं? मग म्हणा की, सोनेरी जिंदाबाद."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. नात माझ्याकडे बघत होती.

"सोनेरी," मी म्हणालो.

"पुढे?"

"जिंदाबाद." (हा शब्द घशातून काढताना जो त्रास झाला, तो मला दाढ काढतानाही झाला नव्हता.)

"ऐकू नाही आलं."

"अरे, जिंदाबाद, जिंदाबाद! आता टीव्ही लाव!"

मॅच सुरू झाली आणि पहिल्यांदाच मी सोनेरी संघ नीट पाहिला. त्यांचा कप आधीच पक्का झाला होता, त्यामुळे पोरं अशी खेळत होती जणू जेवण झाल्यावर शतपावलीला निघालीत. गोदीवाले मात्र जिवावर उदार. त्यांनी गोल केला, तेव्हा समोरच्या घरातून अशी आरोळी उठली की आमची खिडकी थरथरली. समोर सुतार राहतो. तो गोदीवाल्यांचा.

"हे काय करतायत तुझे लोक?" मी भोंग्याला म्हणालो. "पळायला सांग त्यांना!"

"मी सांगू?"

"मग कोण? रोज 'आम्ही आम्ही' करतोस ना? आता पळा की!"

सोनेरीनं कसाबसा एक गोल फेडला. मी उठून नाचलो. होय, मी. भोंगा आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडलो, आणि मुलीनं तोंडाला पदर लावला. पण बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती. घड्याळ पुढे सरकत होतं. नात तिच्या आईला हळूच विचारत होती, "तिकडच्या शाळेत मला कोणी ओळखेल का?" मुलगी नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. ते मला बघवेना, म्हणून मी टीव्हीकडे पाहिलं. तिकडचंही बघवेना.

तेवढ्यात भोंग्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दाजी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. हलक्या आवाजात! या माणसाला हलका आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. "दाजी, आता फक्त एकच उपाय. आता लाईट जायला हवी."

माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, ही लाईट तूच घालवायचास ना? त्यात कसला आलाय योग? अहो, मला काय कळत नव्हतं? पण पोटात भीती शिरली की अक्कल दारातूनच परत जाते. मी बसल्या बसल्या आठवू लागलो. त्या वेळी फ्यूज काढला, गोल. तेव्हा काढला, गोल. एकदाच गोल झाला नाही, तेव्हा मला शिंक आली होती आणि फ्यूज उशिरा निघाला होता. अरे, म्हणजे खरंच की!

"जरा पाणी पिऊन येतो," मी म्हणालो.

"पाणी इथेच आहे," मेहुण्याची बायको म्हणाली.

"मला खालचं लागतं."

जिना मी कसा उतरलो ते मला माहीत नाही. दिवेलागणीची वेळ, कोनाड्यात मिट्ट काळोख. ज्या हातांनी तिजोऱ्या उघडल्या त्यांना एक फ्यूज धड सापडेना. वरून पायांचे आवाज, समोरून सुताराची आरडाओरड. मी देवाचं नाव घेतलं आणि हाताला लागला तो फ्यूज उपटला.

वरून किंकाळी आली.

आणि माझं काळीज थांबलं. कारण असली किंकाळी मी त्या घरातून कधी ऐकली नव्हती. आजवरचे टाहो सगळे सुरात होते. ही बेसूर होती. खरी होती.

"टीव्ही गेला! अगं, टीव्ही गेला!"

मग गल्लीत आरोळी उठली. गोल! कुणाचा? गल्लीत दोन्हीकडचे लोक. मी काळोखात फ्यूज हातात घेऊन उभा, आणि तो परत जागेवर बसेना. बाहेर ओरडतायत ते रडतायत की हसतायत? डोळ्यासमोर पत्र्याची पेटी आली. झाकण बंद, कुलूप लागलेलं, आणि आत ओळीनं झोपलेल्या बाहुल्या.

तेवढ्यात समोरच्या सुतारानं खिडकी आपटली. अशी आपटली, की स्वतःच केलेली ती खिडकी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवावी लागली.

मी खाली फरशीवरच बसलो. इतकी गोड खिडकी मी जन्मात ऐकली नव्हती.

बायको टॉर्च घेऊन खाली आली. "बाजूला व्हा," म्हणाली, आणि फ्यूज खटकन बसवला. तिच्या मागून भोंगा.

"दाजी, अहो वरचा काढायचा होता! रोजचा! हा तुमचा काढलात!"

मी फ्यूजकडे पाहिलं. मग हळूहळू उजेड पडला, डोक्यातही. "माझा काढला, तर तुझा टीव्ही कसा गेला?"

भोंगा बहिणीकडे बघू लागला. बहीण टॉर्चकडे.

"सांगून टाक आता," ती म्हणाली.

तर गोष्ट अशी, की मी दोन-तीनदाच फ्यूज काढला असेल नसेल, तेव्हाच या माणसानं वायरमन बोलावला होता. वायरमननं टीव्हीची वायर गुपचूप खाली आणून आमच्या मीटरवर जोडून दिली. बायकोच्या परवानगीनं! तेव्हापासून मी फ्यूज काढला की वरचे फक्त दिवे जायचे. हे लोक टीव्हीचा आवाज बारीक करून, थिएटरसारख्या अंधारात मजेत पेनल्टी बघायचे, आणि मला बरं वाटावं म्हणून मेहुणा टाहो फोडायचा.

"रोज फोडायला लागायचा," तो म्हणाला. "घसा बसायचा माझा."

"आणि विजेचं बिल?" मी विचारलं.

"ते तुमच्याकडेच यायचं."

मी बायकोकडे वळलो. "तू तरी सांगायचंस!"

"तुम्ही किती खूश असायचात," ती म्हणाली.

मॅच संपली. सोनेरी जिंकले, गोदीवाले खालच्या गटात गेले, बेडकं डबक्यात सुखरूप राहिली. जावई चिखल न धुताच घरी आला आणि विचारू लागला, "गोल कसा झाला?" आमच्यातल्या कोणीच पाहिला नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नातीची पेटी मांडीवर घेतली, स्प्रिंगवर फुंकर मारली, आणि कुलूप खट्टकन लागलं.

"झाली केस?" नात म्हणाली.

"झाली. पण आता हिच्यात बाहुल्या ठेवायच्या नाहीत. गोट्या ठेव."

तुम्हाला वाटेल, इथे म्हाताऱ्याचं भलं झालं. कसलं भलं? यंदाचा मोसम सुरू झाला, आणि सगळ्या घराचं एकमत झालं, की अंधाराचा योग काही खोटा नाही आणि हात म्हाताऱ्याचाच लागतो. आता सोनेरीची असो की बेडकांची, मॅच लागली की सगळं घरदार वर टीव्हीसमोर, आणि मी जिन्याखाली. बायकोनं एक स्टूल आणून ठेवलंय. माझा फ्यूज चुकून निघू नये म्हणून तो जावयानं तारेनं करकचून बांधलाय. टीव्ही अजून माझ्याच मीटरवर आहे.

हे सगळं मी इथेच बसून, टॉर्चच्या उजेडात लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नका. वर सगळे ओरडतायत. आज बेडकं आणि सोनेरी समोरासमोर आहेत. थांबा, हाक आली.

"दाजी, पेनल्टी! काढा!"

काढतो बाबा. पण पेनल्टी कुणाला मिळाली, ते मला कोण सांगणार?