कणीक की बन

व्हर्नन मॅकक्विगनने आयुष्यात बरंच काही गमावलं होतं. डोक्यावरचे केस, दोन-चार चष्मे, एक चांगली होडी. पण कस्टम्सच्या खिडकीवरचा वाद त्याने कधी गमावला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा आणि कुणी न विचारता सांगायचा. अमेरिका आणि कॅनडा जोडणाऱ्या पुलाच्या कॅनडाकडच्या टोकाला, फोर्ट एरीत, त्याचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस होतं. अमेरिकेतून येणारा माल जकातीच्या कुठल्या कलमात बसतो हे सांगणं हा त्याचा धंदा, आणि त्यातही खाण्याच्या वस्तू म्हणजे हातचा मळ. बाकीचे लोक जेवणाआधी प्रार्थना म्हणत, हा ताटातल्या पदार्थांची कलमं म्हणायचा.

त्या रविवारी जेवायला त्याची मेहुणी डोरीन आली होती. बाईने बँकेतली नोकरी सोडून, गाडी विकून गावात दालचिनीच्या बनचं दुकान काढलं होतं. शनिवारी उद्घाटन. पुलापलीकडच्या, अमेरिकेतल्या बफेलोतल्या एका बेकरीची कृती तिला फार आवडायची, म्हणून तिथून कच्चे, गोठवलेले बन आणून इथे भाजायचे असा बेत होता.

"कस्टम्सवाले अडवणार नाहीत ना रे?" तिने विचारलं.

"काय बिशाद आहे? मळलेली कच्ची कणीक म्हणजे एकोणीस-शून्य-एक. भाजलेला पाव म्हणजे एकोणीस-शून्य-पाच. तुझा माल कच्चा. पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. शुक्रवारी सकाळी तुझी कॉफी संपायच्या आत ट्रक पुलाच्या अलीकडे."

"माझं सगळं त्या दुकानात अडकलंय, व्हर्नन. शनिवारी कपाटं रिकामी दिसली तर लोक पुन्हा फिरकायचे नाहीत."

"अगं, पुलावर उभी राहून नुसतं माझं नाव घे. फाटक आपोआप उघडतं."

"मागच्या आठवड्यात घरच्या गॅरेजचं उघडत नव्हतं," त्याची बायको मार्ज म्हणाली आणि बटाटे पुढे सरकवले.

शुक्रवार उजाडला. व्हर्नन टाय लावून, शीळ घालत तपासणीच्या शेडमध्ये पोचला. इन्स्पेक्टर थेरेसा गॅल्ट तिथे आधीच उभ्या होत्या. गॅल्टबाईंना हसताना पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. शेजारी रेमंड पेल्की हा ड्रायव्हर ट्रकला टेकून जांभया देत होता.

"कच्ची कणीक, एकोणीस-शून्य-एक," व्हर्नन ऐटीत म्हणाला. "उघडा, बघा, शिक्का मारा."

"कणकेत लोणी किती आहे?"

प्रश्न बरोबर होता. कॅनडा आपल्या गाईंना पोटच्या पोरींसारखा जपतो. मोठ्या खोक्यांतून येणाऱ्या कच्च्या कणकेत पाव भागाहून जास्त लोण्याची चरबी निघाली, की ते चोरवाटेने आणलेलं लोणीच समजायचं आणि त्यावर अशी जकात लावायची की मागवणाऱ्याने पुन्हा नाव काढू नये. पण डोरीनच्या बनची कृती व्हर्ननला तोंडपाठ होती. लोणी बेताचंच होतं.

"बाई, मालकिणीच्याच तोंडून ऐका." त्याने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. "डोरीन, इन्स्पेक्टरबाई इथेच आहेत. बनमध्ये लोणी किती ते सांग त्यांना."

"दुप्पट!" डोरीन आनंदाने ओरडली. "मी मुद्दाम बेकरीला सांगितलं, उद्घाटन आहे, हात आखडू नका. बाईंना म्हणावं, सगळ्यांनी या उद्या खायला."

व्हर्ननने फोन बंद केला. फोन बंद केल्याने ऐकलेलं परत जात नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी केला.

"नमुना प्रयोगशाळेत जाईल," गॅल्टबाई म्हणाल्या. "निकालाला काही आठवडे लागतात. तोवर माल इथेच. नाहीतर आला तसा परत न्या. उघडा रे ट्रक."

रेमंडने दार उघडलं आणि पटकन बाजूला झाला. आत सगळी खोकी फुगली होती. झाकणं वर करून कणीक बाहेर डोकावत होती आणि एक पांढरा गोळा निवांतपणे पायरीवर उतरत होता.

"हे गोठवलेलं आहे?" बाईंनी विचारलं.

"रेमंड, काटा कितीवर लावला होतास?" व्हर्ननचा आवाज चिरकला.

"कागदावर दहा लिहिलं होतं. मी दहा लावले. काल दुपारपासून दहाच आहेत."

व्हर्नन मटकन खाली बसला. बफेलोतल्या बेकरीचे दहा म्हणजे फॅरनहाइट, हाडं गोठवणारी थंडी. रेमंड ओंटारियोचा, त्याचा ट्रकही ओंटारियोचा, आणि इथले दहा म्हणजे सेल्सियस, वसंतातली प्रसन्न सकाळ. अशा हवेत यीस्ट झोपेल कशाला? रात्रभर त्याने मजा मारली होती.

माल ठेवावा तर प्रयोगशाळेचा निकाल लागेपर्यंत कणीक गावात फिरायला निघेल. परत पाठवावा तर डोरीनला काय तोंड दाखवायचं? तिने गाडी विकली होती, आणि ती आपल्या भरवशावर. त्याला खरोखर रडू येत होतं. पायरीवरचा गोळा त्याच्या बुटापाशी येऊन थांबला. व्हर्नन त्याच्याकडे बघत राहिला, आणि एकदम उठला.

"बाई, मालाचं कलम कधी ठरतं? देशात शिरताना तो जसा असेल, तसं. बरोबर?"

"बरोबर."

"हा अजून शिरलेला नाही. आम्ही परत नेतो. आणि संध्याकाळी हाच माल भाजून आणला तर?"

गॅल्टबाईंनी थोडा विचार केला. "भाजला की ती कणीक नाही. एकोणीस-शून्य-पाच. मग लोण्याचा प्रश्न येत नाही. पण कच्चं काही दिसलं तर सगळा ट्रक ठेवून घेईन."

ट्रक आल्या पुलाने परत गेला. इतके बन भाजायला भट्ट्या कुठून आणायच्या? पण ईस्टरआधीचा उपासाचा, मांस सोडून मासे खायचा शुक्रवार होता, आणि अशा शुक्रवारी बफेलोतल्या प्रत्येक चर्चच्या हॉलमध्ये मासे तळून-भाजून खायला सगळं गाव जमतं. व्हर्नन दरवर्षी जिथे हॅडक मासा खायला जायचा, तिथल्या स्वयंपाकघरावर बर्नीस वोझ्नियाकबाईंचं राज्य होतं.

"भट्ट्या पाहिजेत? आज?" बर्नीसबाईंनी कमरेवर हात ठेवले. "संध्याकाळी साऱ्या वस्तीला जेवायला घालायचंय मला."

"माझ्या मेहुणीच्या पोटाचा प्रश्न आहे हो."

"मग एप्रन बांध. कोबी चिरायला माणूस नाही माझ्याकडे. माशांच्या मधल्या वेळेत तुझे बन."

जकातीच्या कलमांचा बादशहा दिवसभर कोबी चिरत बसला. रेमंड बन लावत होता आणि भट्टीतून एक ताट हॅडकचं, एक ताट बनचं असं आळीपाळीने निघत होतं. संध्याकाळी ट्रक पुन्हा शेडमध्ये उभा राहिला तेव्हा व्हर्ननच्या टायला मासळीचा आणि केसांना, म्हणजे उरलेल्या केसांना, दालचिनीचा वास होता.

गॅल्टबाईंनी अगदी मागचं खोकं काढायला लावलं, एक बन फोडला, मध्ये बोट खुपसून पाहिलं.

"भाजलेला आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. मग फोडलेला अर्धा बन त्यांनी तोंडात टाकला आणि फोर्ट एरीच्या इतिहासात प्रथमच हसल्या. व्हर्ननने आकाशाकडे बघून दोन्ही मुठी उंचावल्या.

शनिवारी दुकानापुढची रांग कोपरा वळून गेली होती. दुपारच्या आत कपाटं रिकामी झाली. लोक परत येऊन पुढच्या शनिवारची मागणी नोंदवत होते. डोरीन रडत होती, हसत होती, जो दिसेल त्याच्या गळ्यात पडत होती. व्हर्नन नवा टाय घालून, मिठी स्वीकारायला हात पसरून पुढे झाला.

ती त्याच्या बगलेखालून निघाली आणि मागे उभ्या रेमंडच्या गळ्यात पडली.

"बफेलोचा तो बेकरीवाला बन खाऊन म्हणतोय, रात्रभर सावकाश फुगल्यामुळे चव आली. असा हलका बन त्यांच्याकडेसुद्धा कधी झाला नव्हता," ती डोळे पुसत म्हणाली. "यापुढे तू दहावरच लाव हं, रेमंड. मी पाटीसुद्धा रंगवायला टाकलीय, 'रेमंडचे बन'."

"आणि मी?" व्हर्ननने विचारलं.

डोरीनने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"तुझं कसं विसरेन? बर्नीसबाईंचा फोन होता. पुढच्या शुक्रवारच्या भट्ट्या द्यायला त्या तयार आहेत, पण कोबी तूच चिरायचास."