रोहूचा जाहीर सत्कार

कोणीतरी अध्यक्ष झाल्याशिवाय निसर्गाचं रक्षण होत नाही. म्हणून भोपाळच्या अवधपुरीतल्या आम्हा मराठी मंडळींनी 'जबाबदार मत्स्यछंद मंडळ' काढलं. विजयराव देवपुजारी अध्यक्ष झाले, मी चिटणीस. (निवडणूक झाली नाही. आग्रह मोडवला नाही, इतकंच.)

आमचे नियम कडक. गळाला उलटा काटा नको, माशाचं तोंड फाटतं. तलावात प्लास्टिक टाकायचं नाही. मासा ओल्या हातानं धरायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. 'लगेच' म्हणजे सत्कार आटोपताच, असा खुलासा कार्यकारिणीनं केलेला आहे.

त्याचं असं झालं, की पहिल्याच रविवारी विजयरावांच्या गळाला हातभर रोहू लागला. आता आलेल्या पाहुण्याला नुसतं वाटेला लावणं आपल्यात बसतं का? मी त्याला टॉवेलवर धरलं. (टॉवेल ओला होता.) आमच्या सभासद सुरुचीवहिनींनी कुंकू लावलं, शाल पांघरवली, नारळ टेकवला.

"अहो, आधी सोडा त्याला! तडफडतोय बिचारा," अध्यक्षांच्या पत्नी सिंधूताई म्हणाल्या.

"प्रास्ताविक तरी होऊ दे, सिंधू," विजयराव म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

प्रास्ताविक झालं. मग 'गोड्या पाण्यातील जीवसृष्टी आणि आपण' यावर विजयराव असे बोलले, की सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं. (माशाला त्याचा उपयोग नव्हता.) फोटोत बॅनर कापला गेला, म्हणून फोटो पुन्हा काढला. सत्कारमूर्तींनी शेपटी हलवून अनुमोदन दिलं. आमच्या पाहणीनुसार शंभर टक्के माशांची सत्काराला हरकत नसते.

"जळो तुमचा सत्कार! द्या इकडे!" सिंधूताई पदर खोचून माझ्यावर चालून आल्या. मला संतापच आला, कारण आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. "ताई, दोनच मिनिटं," म्हणालो आणि सगळ्यांचे आभार मानले. बॅनरवाले पिंटूभैया, समोसेवाले, खुद्द तलाव. कोणी राहिलं की माणसं नाराज होतात हो.

मग ताईंनी रोहू हिसकावला आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्याला धरून उभ्या राहिल्या. हात काढला की तो उताणा व्हायचा. त्या रडत होत्या. आम्ही दोन मिनिटं शांतता पाळली.

राहता राहिले आभार तुमचे, वाचकहो. मासा पाण्याबाहेर आहे हे तुम्हाला केव्हाचं ठाऊक होतं. तरी सिंधूताईंसारखं मध्ये तोंड घातलं नाहीत. शांतपणे वाचत राहिलात, एक-दोनदा हसलातही. असेच सभासद मंडळाला हवेत. तुमचं नाव मी न विचारताच घालून टाकलंय.