शंभर टक्के राबणारा माणूस

आरेखकबुवांनी माउस डावीकडे ढकलला, कपातला चहा संपवला, तेव्हा कुठे पडद्यावरचा बाण डावीकडे निघाला.

बुवा घरी जेवणाच्या टेबलाशी आणि त्यांचा कॉम्प्युटर ऑफिसात, असा साहेबांनी लावलेला नवा कारभार होता. तिथला पडदा इथल्या लॅपटॉपवर दिसे आणि इथून हलवलेला बाण तिथे हले. आज मात्र तिथल्या प्रोसेसरवरचा भार शंभर टक्क्यांवर जाऊन बसला होता. शाळेच्या जिन्याचा नकाशा दुपारपर्यंत पाठवायचा होता, शेवटची पायरी तेवढी राहिली होती. विभागातल्या दोघांना नारळ देणार असल्याचं साहेबांनी कालच अगदी गोड आवाजात जाहीर केलं होतं. या वयात बुवांना नवी नोकरी कोण देणार?

"अहो, बंद करून चालू करा की," बायको म्हणाली.

"अगं, ते बटण ऑफिसात आहे!"

"मग जाऊन या."

"ऑफिसात यायचं नाही, असा आदेश आहे."

शेवटी बुवांनी ऑफिसच्या तंत्रज्ञाला फोन लावला. त्याने "बघतो" म्हटलं आणि आपल्या घरून तोही त्याच कॉम्प्युटरात शिरला.

"सर, आता कसं वाटतंय?"

"आणखी स्लो."

"हं. म्हणजे प्रॉब्लेम खरा आहे."

खरा प्रॉब्लेम एकट्याने बघायचा नाही, अशी त्यांच्या विभागाची रीत. त्याने आपल्या प्रमुखांना बोलावलं. तेही आत आले आणि बाणाला धरून तिघांची ओढाताण सुरू झाली. बुवा पायरी खाली आणत, प्रमुख ती वर नेत. बघता बघता जिना शाळेची भिंत ओलांडून रस्त्यावर उतरला.

"यंत्र फार दमलंय," प्रमुखांनी निदान केलं. एवढ्या निदानासाठी त्यांना या जागेवर बसवलं होतं.

बायको मागे येऊन उभी राहिली. "नकाशाच्या मागे ते काय पोहतंय?"

"मासे. साहेबांनी आज सकाळीच सगळ्यांच्या पडद्यावर सोडलेत. मन शांत राहावं म्हणून."

तंत्रज्ञ फोनवर हळूच म्हणाला, "सर, हेच ते. मासा हलला की तुमचा हा सगळ्यांत जुना कॉम्प्युटर नवं चित्र तयार करून घरी पाठवतो. आता तर तिघांच्या घरी पाठवतोय."

"मग काढा ना ते!"

"साहेबांचे मासे आहेत, सर. मी कसा काढू?"

"माझं नाव यात कुठे येऊ देऊ नका," असं म्हणून प्रमुख तत्काळ बाहेर पडले.

मरता काय न करता, बुवांनी डोळे मिटून पडद्यावरचं मासे घालवायचं बटण दाबलं. मासे गेले, नकाशामागे साधा निळा रंग आला, तंत्रज्ञही निघून गेला. भार शंभरावरून थेट चारवर उतरला. बाण पाखरासारखा उडायला लागला. बुवांनी जिना शाळेत परत आणला, शेवटची पायरी बसवली आणि नकाशा वेळेच्या आत धाडून दिला. कित्येक दिवसांनी त्यांना आपल्या कामाचा अभिमान वाटला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"बुवा, सकाळपासून माझं तुमच्यावरच लक्ष आहे."

"हो का, साहेब?"

"माझ्यासमोर प्रत्येकाच्या मशीनवरच्या भाराचा आलेख असतो. बाकीचे दहावर, पंधरावर लोळतायत. तुम्ही एकटे शंभर टक्के राबताय! म्हटलं, ठेवायचा तर हा माणूस."

बुवांनी फोनलाच हात जोडले. "आपली कृपा, साहेब."

"पण आत्ता चार? पाट्या टाकताय की काय?"

"नाही हो! मशीन सुधारलं, काम झालं. नकाशा पाठवलाय."

"नकाशे बघत बसायला मला वेळ कुठाय? मी आलेख बघतो. दोन नावं संध्याकाळी ठरवणार आहे. बघा काय ते."

फोन ठेवला गेला. बुवांनी घाम पुसला आणि तंत्रज्ञाचा नंबर फिरवला.

"हे बघा, होतं तसं करून द्या. तुमच्या प्रमुखांनाही बोलवा. तिघं असलो की बरं."

"सर, तुमची तक्रार मिटल्याची नोंद झाली," तंत्रज्ञ म्हणाला. "आता मशीन नीट चालतंय, अशी नवी तक्रार करावी लागेल."